सोचिकाल्कोच्या गुहेतले ऊन

मे महिना अर्ध्यावर आला की महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांत एक दिवस असा येतो, की ऐन मध्यान्ही सूर्य नेमका डोक्यावर असतो आणि जमिनीत उभ्या रोवलेल्या काठीची सावली काही क्षण दिसेनाशी होते. 'शून्य सावलीचा दिवस' म्हणून आपण तो ओळखतो. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या प्रत्येक ठिकाणाला असे दिवस वर्षातून दोनदा मिळतात. एकदा सूर्य अयनदिनाकडे सरकत असताना आणि एकदा तिकडून परतताना. खोपोलीला हे दिवस १५ मे आणि २८-२९ जुलैच्या आसपास येतात.

खोपोलीचे नाव मुद्दाम घेतले. तिचे अक्षांश सुमारे १८ अंश ४७ कला उत्तर. वर्गातल्या पृथ्वीगोलावर या रेषेवर बोट ठेवून पश्चिमेकडे निघालात, तर अरबी समुद्र, अरबस्तान, सहारा, अटलांटिक महासागर आणि हैती बेट ओलांडून तुम्ही मेक्सिकोत पोचाल. तिथे, जवळजवळ त्याच रेषेवर, मोरेलोस राज्यातल्या एका डोंगरावर सोचिकाल्को नावाचे उद्ध्वस्त नगर आहे. रेखांशातला फरक सुमारे १७२ अंशांचा. म्हणजे खोपोलीत सावली नाहीशी झाली की साडेअकरा तासांनी ती सोचिकाल्कोला नाहीशी होते. त्या नगराच्या लोकांनी डोक्यावर येणाऱ्या या सूर्यासाठी डोंगराच्या पोटात एक जागा केली होती. ती पाहण्याची संधी मला २०१५ साली मिळाली.

एका परिषदेच्या निमित्ताने मेक्सिको शहरात गेले होते. परिषद संपल्यावर एक दिवस हातात होता. असा एकच दिवस असणारे बहुतेक पाहुणे तिओतिवाकानच्या प्रचंड पिरॅमिडांकडे जातात. मी तारीख पाहिली. १५ मे. मग दुसरा विचार न करता कुएर्नावाका शहराची बस पकडली आणि तिथून नैऋत्येला चाळीसेक किलोमीटरवर असलेल्या सोचिकाल्कोला गेले.

प्रथम नावाविषयी. नाहुआत्ल भाषेत सोचित्ल म्हणजे फूल, काल्ली म्हणजे घर आणि शेवटचा को म्हणजे ठिकाण. पुष्पगृहाची जागा, असे म्हणूया. मूळ उच्चार 'शोचिकाल्को'. स्पॅनिश जिभेने 'श'चा 'स' केला. पण नाहुआत्ल ही त्या प्रदेशावर नंतर सत्ता गाजवणाऱ्या ॲझ्टेकांची भाषा. नगर बांधणारे लोक स्वतः त्याला काय म्हणत होते, ते या नावातून समजत नाही. अवशेषांच्या बाबतीत असे नेहमीच होते: नाव एकाचे, भिंती दुसऱ्याच्या आणि अर्थ लावणारे तिसरेच.

नगराचा काळ साधारण इ.स. ६५० ते ९००. त्याआधी मध्य मेक्सिकोवर तिओतिवाकानचा दबदबा होता. सहाव्या शतकात त्या महानगराचा मध्यभाग जळाला आणि त्याची सत्ता ओसरली. एक मोठे केंद्र ढासळले की आजूबाजूला लहान लहान सत्ता डोके वर काढतात, तसे इथेही झाले. सोचिकाल्को त्यांपैकी एक. काळ अस्वस्थ होता, हे नगराची जागाच सांगते. सपाट सुपीक खोरे सोडून हे लोक डोंगरावर चढले. उतार कापून पायऱ्या-पायऱ्यांची पठारे केली, त्यांना दगडी बांधांनी आधार दिला, मोक्याच्या ठिकाणी खंदक आणि तट घातले. भरभराटीच्या काळात इथे दहा ते पंधरा हजार माणसे राहत असावीत, असा अंदाज केला जातो. ज्याने राजगड पाहिला आहे त्याला इथे आल्यावर फारसे समजावून सांगावे लागत नाही. मे महिन्यातला डोंगरही आपल्यासारखाच, भाजून पिवळा पडलेला.

डोंगरावर किल्ला किंवा नगर बांधणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो पाण्याचा. सोचिकाल्कोच्या माथ्यावर झरा नाही. तिथला पाऊसही आपल्यासारखाच, मेच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत. उरलेले सहा-सात महिने कोरडे. म्हणून चौकांच्या फरसबंदीला उतार दिलेले, उतारांचे पाणी पन्हळींतून दगडी टाक्यांत नेलेले. एका पावसाचे पाणी दुसऱ्या पावसापर्यंत पुरवायचे, हा इथल्या जगण्याचा पाया होता. पाऊस केव्हा येणार, हा प्रश्न अशा लोकांना कुतूहलापुरता पडत नसतो.

अवशेषांच्या आधी संग्रहालय लागते. १९९३-९४ साली नोर्बेर्तो गोन्सालेस क्रेस्पो यांच्या नेतृत्वाखाली इथे मोठे उत्खनन झाले. त्यात निघालेल्या वस्तू ठेवण्यासाठी १९९६ साली ते उघडण्यात आले. वास्तुरचनाकार रोलांदो दादा. इमारत बाहेरून फारशी नजरेत भरत नाही, आणि हेच तिचे वैशिष्ट्य आहे. जाड दुहेरी भिंतींमुळे आत गारवा राहतो. दालनांत शक्य तेवढा सूर्यप्रकाशच खेळवलेला आहे. वीज सौरपट्ट्यांची आणि पाणी छपरावर पडून टाक्यांत साठलेल्या पावसाचे. बाराशे वर्षांपूर्वी या डोंगरावर राहणाऱ्यांना जी अडचण होती, तीच अडचण संग्रहालय बांधणाऱ्यांनाही आली आणि त्यांनी उत्तरही जवळपास तेच शोधले. युनेस्कोने १९९९ साली या स्थळाला जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

दालनांत मी सर्वांत जास्त वेळ घालवला तो ऑब्सिडियनपुढे. ऑब्सिडियन ही ज्वालामुखीची काच. लाव्हा इतक्या झपाट्याने निवतो, की त्यात स्फटिक तयार व्हायला सवडच मिळत नाही. काचेप्रमाणेच ती फुटताना धारदार कड देते. लोखंडाची हत्यारे नसलेल्या या समाजात सुरी, बाणाचे टोक, वस्तरा ही सगळी तिचीच. सोचिकाल्कोत ऑब्सिडियनची पाती काढणारे कारागीर होते आणि त्यांच्या कामाच्या जागा, छिलके-तुकड्यांसकट, सापडल्या आहेत. आता गंमत अशी, की या डोंगरावर ऑब्सिडियन मिळत नाही. मग ते येत होते कुठून? प्रत्येक ज्वालामुखीच्या काचेत काही मूलद्रव्ये अत्यल्प प्रमाणात असतात आणि ते प्रमाण खाणीगणिक बदलते. माणसाच्या बोटाच्या ठशासारखेच ते. तुकड्यातली ही मूलद्रव्ये मोजून खाणीतल्या नमुन्यांशी ताडली की मूळ सापडते. सोचिकाल्कोतला बराचसा माल उकारेओ या मिचोआकानमधल्या खाणीतला निघाला. सरळ रेषेत ती सुमारे दोनशे किलोमीटरवर. ओझ्याची जनावरे नाहीत, चाकाची गाडी नाही. प्रत्येक गोळा माणसाच्या पाठीवरून आलेला.

ही गोष्ट एवढ्या विस्ताराने सांगितली ती पुढच्यासाठी. 'हा दगड उकारेओचा आहे' हे विधान तपासता येते. कोणीही, कुठल्याही प्रयोगशाळेत, पुन्हा मोजून पाहू शकतो. डोंगरावर पुढे जे जे सांगण्यात आले, ते सगळे मी या कसोटीला लावत गेले.

माथ्यावरच्या मोठ्या चौकात पिसांच्या नागाचे देऊळ आहे. पिरॅमिड म्हटले की इजिप्तचे टोकदार चित्र डोळ्यांपुढे येते. मेक्सिकोतले पिरॅमिड म्हणजे वस्तुतः देवळांचे उंच चौथरे. इथे खाली कललेली भिंत, तिच्यावर उभा पट्टा आणि त्यावर बाहेर झुकलेली पागोळी अशी रचना. चुन्याशिवाय बसवलेल्या घडीव चिऱ्यांवर मोठमोठे नाग वळणे घेत गेले आहेत. त्यांच्या अंगावर पिसे. प्रत्येक वळणाच्या खोबणीत मांडी घालून बसलेला, शिरपेच आणि दागिने घातलेला एक माणूस. या माणसांची ठेवण थेट माया शिल्पांसारखी आहे, आणि माया प्रदेश तर इथून कित्येक शे किलोमीटर पूर्वेला. शेजारी तिथिचिन्हे कोरलेली. अंक लिहिण्याची पद्धत सुटसुटीत: एक ठिपका म्हणजे एक, एक आडवी रेघ म्हणजे पाच. दोन रेघा नि एक ठिपका म्हणजे अकरा, हे आपल्या दुसरीतल्या मुलालाही एका मिनिटात कळेल.

या चिऱ्यांनी बरेच भोगले आहे. होसे अँतोनियो अल्साते हे मेक्सिकोतले एक पाद्री. पण त्यांचा जीव विज्ञानात रमलेला. १७६९ साली शुक्राचे सूर्यबिंबावरून अधिक्रमण झाले, ते त्यांनी मेक्सिको शहरातून पाहून नोंदवले होते. १७७७ साली ते सोचिकाल्कोला आले, पुढे पुन्हा एकदा आले आणि १७९१ साली त्यांनी या अवशेषांचे सचित्र वर्णन छापले. आजूबाजूचे उसाच्या घाण्यांचे मालक इथले कोरीव दगड फोडून भट्ट्यांसाठी नेत होते, ही त्यांची तक्रार त्यात आहे. आपल्याकडे गढीचे आणि किल्ल्याचे चिरे कुठे कुठे जाऊन बसले, हे ज्याच्या त्याच्या गावात ठाऊक असते. त्यामुळे ती वाचताना परके वाटत नाही. पण अल्सातेंच्या लेखनामागे आणखी एक कळ होती. अमेरिकेतले मूळ रहिवासी बुद्धीने हीन, कलाविद्या त्यांना साधणे शक्यच नाही, असे युरोपातले काही नामांकित लेखक त्या काळी ठासून लिहीत होते. त्यांच्यापैकी अनेकांनी अमेरिकेत पाऊलही टाकले नव्हते. अल्सातेंनी वाद घालण्याऐवजी मापे आणि चित्रे पुढे ठेवली.

त्याच्या पाऊणशे वर्षांनंतरचा प्रसंग तर विलक्षण आहे. फ्रान्सने मेक्सिकोवर सैन्य पाठवून माक्सिमिलियन या ऑस्ट्रियन राजपुत्राला तिथे सम्राट म्हणून बसवले होते. १८६७ सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात लेओं मेएदँ यांनी सोचिकाल्कोच्या या देवळाची मोठी प्रतिकृती उभारली. प्रेक्षक ती पाहत असतानाच, १९ जूनला, मेक्सिकोत माक्सिमिलियनला गोळ्या घालण्यात आल्या. फ्रेंच सैन्य त्याच्या काही महिने आधीच परतले होते. देश हातातून गेला. देवळाची प्रतिकृती तेवढी पॅरिसच्या मैदानात उभी राहिली. मूळ देवळाचे पडलेले चिरे पुन्हा जागेवर बसवण्याचे काम १९१० च्या सुमारास लेओपोल्दो बात्रेस यांनी केले.

देवळाच्या एका पट्ट्यावर एक चमत्कारिक चित्र आहे. एका तिथिचिन्हातून हात बाहेर आले आहेत आणि त्यांतला एक हात दोरीने दुसरे तिथिचिन्ह ओढत आहे. दिनगणनेत काही दुरुस्ती केली, एक तारीख सरकवून दुसरीशी जुळवली, असा याचा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. तो पटण्यासारखा आहे. वाटाडे मात्र तिथे थांबत नाहीत. माया, सापोतेक आणि इतर प्रदेशांतले ज्योतिषी इथे जमले, त्यांची परिषद भरली, तिने पंचांग सुधारले आणि त्या परिषदेचे स्मारक म्हणून हे देऊळ बांधले, अशी रंगलेली कथा ते सांगतात. मांडी घालून बसलेले माया धाटणीचे पुरुष म्हणजे परिषदेचे प्रतिनिधी! नुकतीच एक परिषद आटोपून आल्यामुळे मला ही कल्पना फार गमतीची वाटली. पण चिऱ्यावर आहे काय? एक दोरी, दोन हात, दोन तिथिचिन्हे आणि दूरच्या शैलीची माणसे. दूरच्या लोकांशी संबंध होता, हे ऑब्सिडियनही सांगते. परिषद मात्र कोणी कोरून ठेवलेली नाही.

एक वाजून गेल्यावर डोंगराच्या उत्तर अंगाला गुहेच्या तोंडाशी रांग लागली. तिथे सूर्य मध्यान्हीला आला तो माझ्या घड्याळात दीड वाजून गेल्यावर. त्या वर्षी उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे केलेली असत. मेक्सिकोच्या बहुतेक भागात ही पद्धत २०२२ साली बंद झाली. राखणदाराने पंचवीस-तीस जणांना एका वेळी आत सोडले.

डोंगरात अशा बऱ्याच गुहा आहेत. मुळात त्या दगडाच्या खाणी; नगरासाठी दगड काढून झाल्यावर पोकळी उरली. या एका गुहेला मात्र पुढे वेगळे काम लावण्यात आले. भिंतींना गिलावा केला, तो काळ्या, पिवळ्या, तांबड्या रंगांनी रंगवला आणि छतातून वर डोंगराच्या पृष्ठभागापर्यंत एक उभे धुराडे नेले. त्याची उंची ८.७ मीटर आणि वरचे तोंड षट्कोनी.

आत मिट्ट काळोख होता. डोळे सरावल्यावर धुराड्याखाली जमिनीवर उजेडाचा एक तुकडा दिसू लागला आणि मिनिटागणिक तो सरकत, उजळत गेला. मध्यान्हीला उन्हाचा दांडा जवळजवळ ओळंब्यात उभा राहिला. हवेतली धूळ त्यात चमकत होती. कोणी बोलत नव्हते. मी तिथे मोजमापाच्या तयारीने गेले होते, पण पहिली दोन-तीन मिनिटे वहीत एक अक्षरही लिहिले नाही, हे मान्य केले पाहिजे.

मग राखणदाराने एकेकाला उन्हात हात धरायला सांगितले. या किरणांत हाताची हाडे दिसतात, अशी तिथली प्रसिद्ध समजूत आहे. माझे रोजचे काम प्रकाशाच्या मापनाचे, त्यामुळे मी पुढे झाले. हात बोटांच्या कडांपाशी लाल दिसला, सुंदर दिसला. हाडे दिसली नाहीत. दिसणारही नाहीत. मांसातून लाल प्रकाश थोडासा पार जातो, पण जाताना तो इतका विखुरतो की आतल्या हाडाची कड उमटत नाही. अंधाऱ्या खोलीत टॉर्चवर तळहात ठेवून मुलांना हे दाखवता येईल: तळहात लाल पेटतो, हाडांचे चित्र काही दिसत नाही. काळोखाला सरावलेल्या डोळ्यांना अचानक आलेले ऊन फार प्रखर वाटते आणि 'हाडे दिसतील' असे आधीच सांगितले असले की बोटांच्या मधल्या गडद छटा हाडे वाटू लागतात. माझ्या पुढच्या गृहस्थांना ती दिसली. त्यांचा आनंद खरा होता.

बाहेर येऊन एका बांधाच्या सावलीत बसले आणि आकडेमोड केली. ती इथे देते, कारण आठवी-नववीच्या मुलांना ती जमण्याजोगी आहे.

या गुहेत ३० एप्रिल ते १२ ऑगस्ट असे १०५ दिवस ऊन उतरते आणि उरलेले २६० दिवस उतरत नाही, असे तिथे सांगितले जाते. २६० हा आकडा साधा नाही. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या प्राचीन समाजांत दोन दिनगणना शेजारी शेजारी चालत. एक ३६५ दिवसांची, वीस-वीस दिवसांचे अठरा महिने आणि वर पाच दिवस. दुसरी २६० दिवसांची: १ ते १३ हे अंक आणि वीस दिवसनामे यांच्या जोड्या, म्हणजे १३ गुणिले २०. आपल्याकडे वार आणि तारीख जसे आपापल्या गतीने चालतात आणि काही काळाने पुन्हा तीच जोडी जमते, तसेच. ३६५ आणि २६० यांचा लसावि काढला तर १८,९८० दिवस येतात, म्हणजे ५२ वर्षे. एवढ्या काळाने दोन्ही चक्रे पुन्हा एकत्र येत आणि तो मोठा प्रसंग मानला जाई. आता ३० एप्रिल ते २१ जून हे अंतर मोजा: ५२ दिवस. २१ जून ते १२ ऑगस्ट: पुन्हा ५२. मधला अयनदिन धरून १०५. अंगावर काटा आणणारा जुळून येण्याचा प्रकार आहे. पण यातले निसर्गाचे किती आणि माणसाचे किती?

सोचिकाल्कोचे अक्षांश १८ अंश ४८ कला. ३० एप्रिलला सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे त्याचे अंतर, उत्तरेला पावणेपंधरा अंशांच्या किंचित वर असते. त्या दिवशी मध्यान्हीचा सूर्य खमध्याच्या सुमारे ४ अंश दक्षिणेला. १५ मेच्या आसपास तो खमध्यात. २१ जूनला क्रांती २३ अंश २६ कला, म्हणजे सूर्य खमध्याच्या ४ अंश ३८ कला उत्तरेला. मग तो परत फिरतो आणि त्याच जागांवरून उलट जातो. इथेच पहिली गोष्ट लक्षात येते. २१ जूनच्या दोन्ही बाजूंना सारखेच दिवस येणे, ही गुहा बांधणाऱ्याची करामत नाही. तुमच्या घराच्या छपरातल्या कुठल्याही भोकाला हा नियम लागू आहे. ऊन ज्या दिवशी प्रथम आत येते, त्याच्या जोडीच्या दिवशी ते बाहेर जाते.

माणसाच्या हातात होती ती नळीची रुंदी. ८.७ मीटर उंचीच्या नळीत ४ अंश कललेले ऊन तळापर्यंत पोचायचे, तर ते वरपासून खालपर्यंत साधारण ६० सेंटिमीटर आडवे सरकते, एवढी जागा हवी. ३० एप्रिलच्या सुमारास सूर्याची क्रांती रोज सुमारे ०.३ अंशाने वाढते. जमिनीवर याचे होतात साडेचार सेंटिमीटर. म्हणजे नळीची कड साडेचार सेंटिमीटर इकडे-तिकडे झाली, की ऊन एक दिवस आधी येणार आणि एक दिवस नंतर जाणार, १०५ चे १०७ होणार. शिवाय सूर्य हा बिंदू नाही, त्याचे बिंब अर्ध्या अंशाचे. त्यामुळे उन्हाच्या तुकड्याची कड पुसट असते आणि ८.७ मीटरवर ही पुसट पट्टी तब्बल ८ सेंटिमीटर रुंद होते. 'ऊन आत आले' हे नेमके केव्हा म्हणायचे? पहिली फिकट चाहूल लागली तेव्हा, की पूर्ण उजेड पडला तेव्हा? या दोहोंत जवळजवळ दोन दिवस जातात.

तेव्हा १०५ हा आकडा मी एखाद-दोन दिवसांच्या फरकाने घेईन. त्याने गुहेचे महत्त्व कमी होत नाही. उलट, कड कुठे असावी हे ठरवायला वर्षानुवर्षे उन्हाची हद्द जमिनीवर खुणावत, धुराडे तासत गेले असावेत, असे मला वाटते. ते एका बैठकीत होण्याजोगे काम नाही. आणि अशा उभ्या नळीने दिवस ठरवण्याची उत्तम वेळ म्हणजे मेचा मध्य, जेव्हा उन्हाचा तुकडा रोज साडेतीन सेंटिमीटरहून अधिक सरकतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तो जागचा हलत नाही, तेव्हा या उपकरणाचा उपयोग नाही. पावसाच्या तोंडावर दिवस मोजणाऱ्यांना हवे होते ते नेमके मेमध्ये मिळत होते. हा माझा तर्क. दगडावर लिहिलेला नाही.

३० एप्रिल आणि १२-१३ ऑगस्ट या तारखांना आणखी एक पदर आहे. साधारण १५ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे ग्वातेमाला-होंडुरासच्या पट्ट्यात, सूर्य याच दोन दिवशी खमध्यात येतो. तिथे शून्य सावलीचे दोन दिवसच वर्षाची १०५ आणि २६० अशी फोड करतात. २६० दिवसांच्या गणनेचा जन्म त्या पट्ट्यात झाला असावा, असे व्हिन्सेंट माल्मस्ट्रॉम यांनी १९७३ साली मांडले. सर्वांना ते मान्य नाही. १३ आणि २० हे दोन्ही आकडे त्या संस्कृतीत आधीपासून महत्त्वाचे होते, त्यांचा गुणाकार पुरेसा आहे, असे काहींचे म्हणणे. मूल पोटात असते तो काळही २६० दिवसांच्या जवळपासचा, याकडे काही बोट दाखवतात. वाद मिटलेला नाही. मिटला नाही तरी एक गोष्ट उरते: चार अंश दक्षिणेला जी तारीख आकाश आपणहून देते, ती इथल्या लोकांनी दगड तासून मिळवली, असे असेल तर ते केवळ पाहणे नव्हे, ते उपकरण बनवणे आहे.

इ.स. ९०० च्या सुमारास हे नगर जळाले. घरांची छपरे आत कोसळली आणि त्यांच्याखाली जात्यांपासून मडक्यांपर्यंत सगळे जिथल्या तिथे दबून राहिले; उत्खनन करणाऱ्यांना इतके सापडले ते त्यामुळे. माणसे निघून गेली. आतूनच उठाव झाला असावा, असे मानणारे अभ्यासक आहेत. धुराड्यात मात्र दर मेमध्ये ऊन उतरत राहिले, खाली कोणी असो वा नसो.

मी आकडेमोड करत होते त्याच बांधावर चार-पाच बायका डबे उघडून बसल्या होत्या. १५ मे हा मेक्सिकोचा शिक्षक दिन. १९१८ पासून तो पाळतात. शाळांना सुट्टी होती आणि या एका प्राथमिक शाळेच्या शिक्षिका सहलीला आल्या होत्या. माझ्या वहीतली त्रिकोणाची आकृती पाहून एकीने ते काय म्हणून विचारले. माझे स्पॅनिश फार मोडके, पण त्रिकोणाला भाषा लागत नाही. मी पिशवीतली फूटपट्टी दगडावर उभी धरली. सव्वादोन होऊन गेले होते, सावली बोटाच्या दोन पेरांएवढी झाली होती. मग मी मोबाइलवर जगाचा नकाशा काढून खोपोली दाखवली आणि सांगितले, साडेअकरा तासांपूर्वी इथे सावली गेली होती.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो शिक्षकाचाच: तुमची मुले हे शाळेत बघतात का? मी म्हणाले, मेमध्ये आमच्या शाळांना सुट्टी असते. मग दुसरा दिवस? दुसरा दिवस जुलैच्या अखेरीस. शाळा असते, पण आमच्याकडे तेव्हा आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. त्या हसल्या. त्यांच्या मुलांना मेमध्ये शाळा असते आणि जुलैच्या अखेरीस सुट्टी. दरवर्षी १५ मेला मात्र शिक्षक दिनाची सुट्टी पडते, म्हणून पुढच्या वर्षी १४ तारखेला अंगणात काठी रोवायची, असे त्यांनी आपापसात ठरवले. एकीने माझ्याकडून आकृती उतरवून घेतली. काठीची उंची किती धरू, एवढे तिने विचारले. एक मीटर धरा, मी सांगितले. एक दिवस चुकला तरी मध्यान्हीच्या सावलीत चारच मिलिमीटरचा फरक पडेल, आणि तेवढा अंगणातल्या काठीला कळणार नाही.